तुझे उपास वाढलेत हल्ली

तुझे उपास वाढलेत हल्ली. सोमवार होताच, मग गुरुवार आला, संकष्टी तर आहेच, आणि परवा फोनवर म्हणालीस की शनिवारही धरलाय. अगं, शनिवार आपल्या घरात कधी कुणी धरला नाही. शिवाय उपासालाही साबुदाणा लागतो, दाण्याचं कूट लागतं, निदान एक केळं लागतं. त्यातलं घरात काय आहे असं विचारलं, तर तू पटकन विषय बदललास. तुझे अहो शेजारीच बसले होते, म्हणून मीही लावून धरलं नाही. आज घरात एकटी आहेस ना? मग जरा नीट बोलू.

रागावू नकोस. मी तुला पकडायला बसलेली नाही. पण आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही चार-पाच बायका जी धान्याची फळी चालवतो ना, तिथे बसून बसून मला काही गोष्टी न सांगता कळायला लागल्यात. घरात पैसा आटला की आधी फळं जातात. मग दूध एक लिटरचं अर्धा लिटर होतं. मग आमटी पातळ होते, फोडणीत तेल जेमतेम दिसतं. सगळ्यात शेवटी बाईचं ताट जातं. ते गेलेलं घरात कुणाला कळतही नाही, कारण ती सगळ्यांना वाढून झाल्यावर ओट्याशी उभ्याने जेवते. भांड्याला लागलेलं पुसून घेतलं की झालं जेवण. कुणी विचारलंच तर उपास आहे. उपासाला कुणी आग्रह करत नाही, उलट कौतुक करतात. पित्त, डाएट, ‘आज भूकच नाही’ ही सगळी त्याचीच भावंडं.

तुझ्या अहोंचं तळोज्याचं कंत्राट संपून आता बरेच दिवस झाले. ठेकेदार म्हणतो पुढच्या महिन्यात बघू, आणि तो पुढचा महिना काही येत नाही. करंजाडेचं भाडं थांबत नाही, थोरल्याची फी थांबत नाही. हे काही तुमचं दोघांचं कर्तृत्व नाही गं. इथली निम्मी घरं एका पगाराच्या अंतरावर उभी आहेत. सिमेंट-विटांची असोत नाहीतर पत्र्याची.

तू म्हणशील, ‘ताई, आपण काय दारोदार मागणारे आहोत का?’ म्हणशीलच, तू आईचीच मुलगी. पण आईलाच विचार, १९७२ च्या दुष्काळात सुकडी कशी लागायची ते. रोजगाराच्या कामावर खडी फोडायची आणि रांगेत उभं राहून सुकडी घ्यायची. लाल मिलो ज्वारीची भाकरी खायची, ती घशाखाली उतरायची नाही तरी खायची. त्या रांगेत गावचा पाटीलही होता आणि सालगडीही. आजी ते सांगताना कधी लाजली नाही. लाज वाटायची ती पाऊस पडला नाही म्हणून सरकारला वाटावी, असं तिचं मत होतं.

त्याच्या आधी तर शिकणारी मुलं वार लावून जेवायची. सोमवारी यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे. माधुकरी मागून शिकलेली माणसं पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेली. मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही हं. वार कुणाला मिळायचा आणि कुणाला उंबऱ्याच्या बाहेर पान टाकलं जायचं, ते जातीवर ठरायचं. म्हणून मला कर्मवीर भाऊराव जास्त जवळचे वाटतात. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी बोर्डिंग काढलं, ते सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून. मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पनवेलचं महात्मा फुले कॉलेज त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेचं. तिथे आपण दोघी शिकलो तेव्हा आपल्याला कुठे माहीत होतं की आपण कुणाच्या तरी मंगळसूत्रावर शिकतोय.

असो. मंगळसूत्राचा विषय निघालाच आहे तर तुझ्याही मंगळसूत्रावर येणारे, जरा थांब.

आधी फळी कशी चालते ते सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यातलं चित्र जाईल. तुझ्या डोळ्यांपुढे मांडव, माईक, पुढाऱ्याचा फोटो छापलेली पिशवी आणि हातात पिशवी धरून उभी केलेली बाई असं काहीतरी असणार. तसलं इथे काही नाही. भिंतीला लोखंडी रॅक आहे, किराणा दुकानातून जुना विकत घेतलेला. त्यावर पिंपात तांदूळ आणि गव्हाचं पीठ, बरण्यांत डाळी, खाली तेलाची पाकिटं. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तासभर उघडतो. मुद्दाम त्या वेळी, कारण अंधारात ओळखीचं कुणी भेटायची धास्ती कमी असते, आणि कामावरून सुटलेली बाई घरी जाता जाता येऊ शकते.

आम्ही दोनच गोष्टी विचारतो. घरात खाणारी तोंडं किती, आणि चूल आहे का. आधारकार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, जात-गाव नाही. सुरुवातीला आमच्यातल्या एकीचा आग्रह होता की वहीत नाव-पत्ता लिहून घ्यावा, नाहीतर लोक फायदा घेतात. मी म्हटलं, घेऊ देत. डाळ-तांदळाचा फायदा घेऊन कुणी बंगला बांधल्याचं मी ऐकलेलं नाही. पिशवी पारदर्शक नको, हाही माझाच हट्ट. जाड कापडी पिशवी देतो, बाजारातून आणल्यासारखी दिसते. आणि फोटो काढायचा नाही, म्हणजे नाहीच. एक गृहस्थ नातवाच्या वाढदिवसाला तांदळाचा कट्टा घेऊन आले आणि ‘घेताना एक फोटो’ म्हणाले. त्यांना कट्ट्याचा फोटो काढायला सांगितला. काढला बिचाऱ्यांनी.

चूल आहे का, हे का विचारतो माहितीये? आधी आम्हालाही वाटायचं की तूरडाळ-तांदूळ दिलं की भागलं. पण तूरडाळीला गॅस किती जातो बघ. सिलिंडर संपत आलेल्या घरात मसूर किंवा मुगाची डाळ बरी, पटकन शिजते. इमारतीच्या कामावर राहणाऱ्या मजुराकडे तीन विटांची चूल असते, त्याला तेल-मीठ-तिखट आणि पीठ पुरतं. नाक्यावरचा एकटा माणूस, ज्याची कुठे चूलच नाही, त्याला डाळ देऊन काय उपयोग? त्याला चुरमुरे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे. बिहारच्या पोरांना सातूचं पीठ दिलं की त्यांचे चेहरे उजळतात. पाण्यात कालवलं, कांदा-मिरची तोंडी लावली, झालं. डोंगराकडच्या वाड्यांतल्या कातकरी बाया गहू नेतात खऱ्या, पण जीव तांदळात. घाटावरच्या माणसाला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पोट सगळ्यांना एकच असलं तरी भूक प्रत्येकाची आपल्या आपल्या गावची असते. निवड त्यांचीच. बाई स्वतः रॅकपुढे उभी राहून ‘हे नको, ते द्या’ म्हणते, तेव्हा मला बरं वाटतं. तयार पिशवी हातात कोंबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक आहे ना, कॅन्सरचं. तिथे उपचाराला लांबून लांबून माणसं येतात आणि आसपास खोल्या घेऊन महिने काढतात. एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती विदर्भातून. डाळ-तांदूळ नको म्हणाली. मी म्हटलं, का गं? तर खोलीमालकाने शेगडी लावायला मनाई केलेली. तिच्याकडे विजेची एक किटली होती, तेवढंच. चहा, गरम पाणी आणि अंडी उकडणं सगळं त्या किटलीत. तेव्हापासून रॅकच्या एका कप्प्यात किटलीत होणाऱ्या वस्तू असतात. उपम्याचं तयार मिश्रण, भाजून दळलेलं नाचणीचं पीठ, पातळ पोहे, दुधाची पावडर. आणि लिंबाचं लोणचं. ते तिनेच मागितलं, वडिलांच्या तोंडाची चव गेली होती म्हणून. आजाऱ्याला दवाखान्यात जेवण मिळतं बहुतेक ठिकाणी. त्याच्यासोबत आलेलं माणूस काय खातं हे कुणाच्या गावीही नसतं. परळच्या टाटा हॉस्पिटलबाहेर हरखचंद सावला यांनी जीवनज्योत ट्रस्टतर्फे वर्षानुवर्षं फुटपाथवर रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांना जेवण दिलं. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना थारा देते. मुंबईला हे शहाणपण फार आधी आलं होतं. आपल्याकडे दवाखाने आले, खोल्यांची भाडी आली, ते मात्र मागाहून यायचंय.

तुझ्यासाठी काय काढून ठेवलंय ते ऐक. मसूरडाळ, तांदूळ, पीठ, तेल, हळद-तिखट, आणि चहा-साखर. चहा-साखर कशाला, असं म्हणू नकोस. पोट भरत नाही त्याने, पण दारात आलेल्या शेजारणीला ‘चहा टाकते’ म्हणता येतं. ते म्हणता येणं बंद झालं की बाई दार उघडायचंच सोडते. मी पाहिलंय ते. साबण आणि पॅडही घातलेत. ती यादी कुणी दान करताना आठवत नाही, आणि मागायला तर कुणाची जीभ रेटत नाही.

आता खरं सांगते. ही पिशवी तुला आठवडाभर कशीबशी जाईल. फळीचा जीव तेवढाच. अमेरिकेत फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या माणसाने पहिली अन्नबँक काढली. मुलांना पोसण्यासाठी दुकानामागच्या टाकाऊ मालातून खाण्याजोगं वेचणाऱ्या एका आईने त्याला ती कल्पना दिली म्हणतात. पन्नासहून जास्त वर्षं झाली. तिथे आता प्रचंड गोदामं आहेत, आणि रांगाही आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये फिलिपिन्समध्ये पॅट्रिशिया नॉन नावाच्या मुलीने रस्त्याकडेला बांबूची हातगाडी लावली, जमेल तेवढं ठेवा आणि लागेल तेवढं न्या म्हणून. बघता बघता देशभर तशा गाड्या उभ्या राहिल्या. वाचून ऊर भरून येतो गं. पण मी हिशोब करणारी बाई आहे. माझ्या रॅकवरून तुला मिळणार चार-पाच किलो. हक्काच्या रेशनवर चौघांना दर महिन्याला वीस किलो, तेही फुकट. मग मी तुला रॅकपुढे उभी करू की रेशन दुकानापुढे?

म्हणून नीट कान देऊन ऐक. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य, आणि अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून त्याचे पैसे लागत नाहीत, आणि २०२४ पासून पुढे पाच वर्षं तसंच चालायचं आहे. तुमचं कार्ड सासरच्या गावी आहे, पाटणकडे. तू म्हणालीस, ‘ते तिकडचं, इथे काय कामाचं?’ इथेच तर बायका फसतात. कार्ड कुठलंही असो, प्राधान्य यादीत नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल तर करंजाडेच्या दुकानात अंगठा लावून तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. सगळं कार्ड इकडे आणायला नको. तुमच्या चौघांचं इथे घ्या, सासू-सासऱ्यांचं ते तिकडे घेतील. दुकानदार ‘हे बाहेरचं कार्ड आहे, मशीन घेत नाही’ म्हणाला तर मशीनवर नंबर टाकून दाखव म्हणायचं. तरी नाही म्हणाला तर १९६७ या नंबरवर तक्रार होते. भांडायला जाऊ नकोस, नुसता नंबर मोठ्याने म्हण. पुष्कळदा तेवढ्याने मशीन चालू होतं. ई-केवायसी राहिली असेल तर तीही तिथेच अंगठ्यावर होते. थोरल्याची विसरू नकोस, मुलांचीच राहते नेहमी.

आणि एक गंमत सांगू? त्याच कायद्यात लिहिलंय की कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यात थोरल्या बाईचं नाव हवं. तुझे अहो नाहीत, सासूबाई. उद्या तुमचं वेगळं कार्ड झालं तर प्रमुख तू.

तुमचं नाव यादीत नसेल तर मात्र गाठ अवघड. शहरात प्राधान्यासाठी राज्याने वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा घातली ती ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. करंजाडेत या पैशांत खोली तरी येते का सांग! ज्याचं उत्पन्न खरंच एवढं आहे तो पनवेलमध्ये राहतो कसा, हा प्रश्न मर्यादा ठरवणाऱ्यांना पडला नाही. त्यात भर म्हणजे इष्टांक. किती माणसांना धान्य द्यायचं तो आकडा २०११ च्या जनगणनेवर बेतलेला, आणि तेव्हा आजचं करंजाडे कुठे होतं? २०१६ साली पनवेलची महापालिका झाली, विमानतळाचं काम आलं, टॉवर आले, ते बांधणारी माणसं आली. आकडा आहे तिथेच बसलाय. दाखला काढला, अर्ज दिला, तरी इष्टांक संपला म्हणतात. तरीही अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. कुणी मेलं, कुणी स्थलांतर केलं, कुणाचं नाव कमी झालं की जागा होते, आणि तेव्हा ज्याची पोच असते त्याचा विचार होतो.

वीटभट्टीवरच्या बायकांना हे मी जास्त कळवळून सांगते. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडाशी परततं. कार्ड वाडीवर, पोटं भट्टीवर. सहा-सात महिने तिकडचा दुकानदार त्यांचं धान्य ‘उचललं नाही’ म्हणून लिहितो, नाहीतर उचलल्याचंच लिहितो. भट्टीजवळच्या दुकानात अंगठा चालतो हे त्यांना कुणी सांगतच नाही. आमच्या फळीवरचं सगळ्यात उपयोगाचं काम कुठलं म्हणशील तर मला वाटतं, हे सांगणं. धान्य देणारे पुष्कळ सापडतात. बाईबरोबर दुकानात जाऊन तासभर उभं राहणारं कुणी सापडत नाही.

धाकट्याला अंगणवाडीत घाल. चार वर्षांचा आहे ना? तीन ते सहाच्या मुलांना तिथे शिजवलेलं मिळतं, त्याला कार्ड लागत नाही, उत्पन्न कुणी विचारत नाही. ‘अंगणवाडीत कोण जातं’ असलं काही आणू नकोस मनात. सेविका दर महिन्याला वजन-उंची घेते, ते तर खासगी नर्सरीवाले पैसे घेऊनही करत नाहीत. थोरल्याचं जरा कठीण आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, त्याची शाळा विनाअनुदानित, त्यामुळे तिथे डबा आलाच. शाळा बदल असं मी आज म्हणणार नाही. वर्ष संपू दे, मग बोलू. फी हप्त्याने घेतील का एवढं मात्र आत्ताच विचार, लेखी अर्ज दे.

तुझ्या अहोंना सांग, कामाच्या शोधात फिरताना दुपारचं बाहेर उपाशी राहू नका. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. आधी १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आली होती, आठवतं? त्या केंद्रांचं पुढे काय झालं ते आपण पाहिलंच, झुणका गेला आणि वडापाव-भजी आली. शिवभोजनाचंही अनुदान थकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, म्हणून केंद्र चालू आहे ना हे आधी विचारून जायचं. दुपारी लवकर गेलेलं बरं, थाळ्या मोजून असतात. आणि कळंबोली-खारघरकडे गेलेच तर गुरुद्वाऱ्यातला लंगर आहेच. डोक्याला रुमाल बांधायचा, पंगतीत बसायचं. ट्रकवाले, विद्यार्थी, साहेब, सगळे एकाच सतरंजीवर. तिथे कुणी कुणाला ‘तुम्ही कसे काय?’ म्हणत नाही. जेवून झाल्यावर चार ताटं घासली की मनावरचं ओझंही उतरतं.

लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं आणायला कुणी सांगितलं तर मात्र जपून. आम्ही ते घेणं बंदच केलंय. आपल्या हवेत खोबरं घातलेली भाजी संध्याकाळची सकाळी आंबते. हॉलवाल्यांचा फोन येतो रात्री बाराला, ‘मोठं पातेलं भरून पुलाव आहे, घेऊन जा’. म्हणजे त्यांची साफसफाई आणि आपलं पुण्य. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ सालचे सरकारी नियमही आहेत, अन्न कसं ठेवायचं, कुठवर चालतं, कुणी वाटायचं. थंड-गरम ठेवायची सोय असणाऱ्या मोठ्या संस्था ते नीट करतात, त्यांनी जरूर करावं. आम्ही कोरड्या धान्यावर खूश आहोत.

आता मंगळसूत्र. मागे भेटलीस तेव्हा तुझ्या गळ्यात नुसती काळी पोत दिसली. विचारत नाही. फक्त एवढं सांगते, गहाण ठेवायचंच झालं तर बँकेत ठेव, गल्लीतल्या सोनाराकडे तोंडी व्यवहारावर नको. पावती घे. आणि मोबाइलवरच्या त्या पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपला हात लावू नकोस. एकीने पाच हजार घेतले होते, किराण्यासाठी. वसुलीवाल्यांनी तिच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज टाकले, मुलाच्या वर्गशिक्षिकेलासुद्धा. झाकून ठेवायला निघालेली गोष्ट अख्ख्या गावाला कळली. बचतगटातलं कर्ज असेल तर त्यांना आधीच जाऊन सांग की दोन हप्ते चुकतील. हप्ता चुकल्यावर सांगितलेलं आणि चुकायच्या आधी सांगितलेलं, यात फार फरक पडतो.

तुझ्या अहोंनाही सांग, तू जेवत नाहीस ते. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. तू लपवतेस ते त्यांचा मान राखायला, मला कळतं. पण घरात चार भाकऱ्या असतील तर त्या चौघांत वाटायचा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. तू एकटीनेच स्वतःला वगळून वाटणी करायची नाही.

आणि पिशवी घेऊन जाताना मला ‘परत करीन’ म्हणू नकोस. हातउसनं नाही ते. तुला काही द्यायचंच असेल तर शनिवारी दुपारी तांदूळ निवडायला ये. आमच्यातल्या दोघींची नजर आता गेलीये, खडे राहतात. फळीवर निवडायला, पुड्या बांधायला येणाऱ्यांतल्या कितीतरी जणी आधी पिशवी न्यायलाच आलेल्या. कोण न्यायला आलीये आणि कोण द्यायला, हे खोलीत शिरलेल्या नव्या माणसाला ओळखता येत नाही. तसंच राहावं असं मला वाटतं.

मंगळवारी कार्डाचं बघायला तहसीलला जाऊ, पुरवठा शाखेत. सोमवारी नको, सोमवारी झुंबड असते. तू साडेदहाला ये, मी आत रांगेत नंबर धरून असेन. गावच्या कार्डाचा बारा अंकी नंबर सासूबाईंकडून मागवून घे, फोटो स्पष्ट हवा. चौघांची आधारकार्डं, भाडेकरार, विजेचं बिल, आणि अहोंचं कंत्राट संपल्याचा काही कागद असेल तर तोही. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स करंजाडेतच काढून आण, तहसीलच्या दारातला पानाला दुप्पट घेतो.